जुनी जावा-येझदी पहिल्यांदा उभी करताना : इंजिन आधी, रंग शेवटी

साताऱ्यात आणि सांगलीत वाड्याच्या बोळात, गोठ्यात किंवा जिन्याखाली वर्षानुवर्षे उभी असलेली जावा किंवा येझदी मोटरसायकल बाहेर काढून ती पुन्हा चालती करण्याची हौस आता बऱ्याच जणांना आहे, आणि त्यांतली पुष्कळशी कामे जवळजवळ एकाच कारणाने अर्धवट राहतात. गाडी घरी आली की दुसऱ्याच दिवशी टाकी आणि मडगार्ड रंगाला जातात, इंजिन सुटे करून पोत्यात भरले जाते, आणि चकचकीत टाकी परत येईपर्यंत कोणता नट कुठला हे कोणालाच सांगता येत नाही. हा लेख कामाच्या क्रमाविषयी आहे.

पुढचे सर्व आकडे २५० सीसीच्या, एका सिलिंडरच्या टू-स्ट्रोक गाडीला धरून आहेत : ६५ मिमी बोअर, ७५ मिमी स्ट्रोक, दोन सायलेन्सर आणि किक व गिअर एकाच लीव्हरवर. राजदूतसाठी क्रम हाच ठेवावा, आकडे मात्र त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावेत.

१. पैसे देण्याआधी : कागद आणि नंबर

गाडीची अवस्था कितीही वाईट असली तरी ती सुधारता येते, कागदांची अवस्था मात्र पुष्कळदा सुधारत नाही. म्हणून आधी आरसी बुक हातात घ्यावे आणि चॅसीचा व इंजिनाचा नंबर त्याच्याशी स्वतः ताडून पाहावा. नंबरावर रंगाचे थर असतील तर ते थिनरच्या चिंधीने पुसावेत. तेथे पॉलिशपेपर किंवा ग्राइंडर चालवू नये, कारण पुसट झालेला नंबर आरटीओत संशयाचा विषय होतो. नंबर स्वच्छ झाला की त्यावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्यावा आणि तो जपून ठेवावा.

एमएच-११ किंवा एमएच-१० ही मालिका सुरू होण्याआधीच्या, तीन अक्षरांच्या जुन्या नंबराच्या गाड्यांची नोंद पुष्कळदा ऑनलाइन दिसत नाही. अशा वेळी मूळ कार्यालयात बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या कागदी नोंदीची ऑनलाइन भर, होऊ शकते की नाही, हे व्यवहार करण्यापूर्वी विचारावे. मालक हयात नसेल तर वारसांच्या सह्यांचा प्रश्न आधी सोडवावा. नोंदणी रद्द झालेली गाडी रस्त्यावर आणण्याच्या इराद्याने घेऊच नये.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या गाडीला जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळू शकते. तिचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षांसाठी असते. मात्र गाडी मूळ स्वरूपात असावी, चॅसी आणि इंजिनात मोठे फेरफार केलेले नसावेत, आणि ती रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. ज्यांना गाडी दररोज बाजारात न्यायची आहे त्यांनी नेहमीची नोंदणी नूतनीकरण करून ठेवणेच योग्य.

इशारा : चॅसी कापून, हँडल आणि मडगार्ड बदलून गाडीला डोंगरी रूप देण्याचा विचार असेल तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आधी वाचावे. उत्पादकाने दिलेल्या स्वरूपाशी विसंगत बदल नोंदणीकृत गाडीत करता येत नाहीत.

२. जागा, हत्यारे आणि हंगाम

कामाला छप्पर असलेली कोरडी जागा, एक भक्कम टेबल आणि झाकणाचे किमान वीस डबे लागतात. हत्यारांत चांगले रिंगपाने, सर्क्लिप प्लायर, फीलर गेज, व्हर्नियर, टॉर्क रेंच आणि हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्यावा. कव्हरचे स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने सोडवण्याच्या नादात त्यांची डोकी जातात आणि मग ड्रिल मारावे लागते. या एका हत्याराने तो सगळा त्रास वाचतो. क्लच काढण्याचा पुलर त्याच मॉडेलचा मिळवावा. छिन्नीने ठोकून काढलेल्या क्लचचा नट आणि शाफ्टचे आटे दोन्ही खराब झालेले मी अनेक गाड्यांत पाहिले आहेत.

हंगामाचा विचार साताऱ्यात विशेष करावा लागतो. जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की फवारलेला रंग पांढरट पडतो आणि उघडे लोखंड एका रात्रीत तांबूस होते. त्यामुळे पावसाळ्यात इंजिन, कार्बोरेटर आणि वायरिंग ही टेबलावरची कामे करावीत, आणि पत्र्याचे व रंगाचे काम दिवाळीनंतर काढावे. हा हिशेब धरला तर पहिल्या गाडीला साधारण एक वर्ष लागते, आणि तेवढे लागू द्यावे.

३. खोलण्याआधीची नोंद

पहिला नट फिरवण्यापूर्वी गाडीचे सर्व बाजूंनी फोटो काढावेत. त्यानंतर प्रत्येक भाग काढण्याआधी एक आणि काढल्यावर एक असा फोटो घ्यावा. केबल कोणत्या नळीच्या आतून जाते, वॉशर किती आणि कोणत्या क्रमाने आहेत, वायरचा कोणता रंग कुठे जोडलेला आहे, हे वहीत लिहावे. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवावी, आणि चिठ्ठीवर नुसते ‘नटबोल्ट’ न लिहिता ‘मागचे मडगार्ड, डावी बाजू, दोन’ असे लिहावे.

जुना, तुटलेला किंवा झिजलेला भागही टाकू नये. नवीन भाग बाजारातून आल्यावर त्याची लांबी, आटे आणि भोके जुन्याशी ताडून पाहण्यासाठी तोच उपयोगी पडतो, आणि आजकाल मिळणारे बनावट भाग नेमके याच तपासणीत उघडे पडतात.

४. अडकलेले इंजिन सोडवणे

बराच काळ उभ्या गाडीचा पिस्टन गंजाने सिलिंडरला धरून बसतो. तो सोडवण्यासाठी किकवर उभे राहणे ही सर्वांत महाग चूक आहे, कारण त्याने पिस्टन सुटण्याऐवजी किकचा दात किंवा शाफ्ट तुटतो. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे डिझेल आणि पातळ ऑइल सोडावे, चार ते आठ दिवस वाट पाहावी, आणि मग गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने हलकेच पुढे-मागे ढकलावे. नाही हलले तर हेड काढून, लाकडी दांडा पिस्टनवर ठेवून हलक्या हाताने ठोकावे. लोखंडी पहार पिस्टनवर कधीही ठेवू नये.

सांगली, मिरज आणि कृष्णाकाठच्या गावांतून गाडी घेताना ती ऑगस्ट २०१९ किंवा जुलै २०२१ च्या महापुरात पाण्याखाली होती का, हे स्पष्ट विचारावे. बाहेरून धुतलेली गाडी स्वच्छ दिसते, पण बारीक गाळ हेडलाइटच्या वाटीत, चाकांच्या हबमध्ये, एअर फिल्टरच्या डब्यात आणि क्रँककेसमध्ये वर्षानुवर्षे बसून राहतो. हेडलाइट उघडून आतल्या वायरींवर बोट फिरवले आणि बोटाला पीठासारखी करडी माती लागली, तर इंजिन एकदाही न फिरवता थेट खोलावे. बेअरिंगमध्ये गेलेला गाळ धुऊन निघत नाही. अशी सर्व बेअरिंगे बदलावीत.

५. इंजिन

खर्चाचा मोठा वाटा येथेच जातो आणि येथेच कंजुषी केली जाते. गॅरेजमध्ये ‘हाफ इंजिन करून देतो’ असे सांगितले जाते, म्हणजे सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन घालायचा आणि खालचा क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा, तसाच ठेवायचा. वीस-तीस वर्षे उभ्या राहिलेल्या टू-स्ट्रोकमध्ये हे काम टिकत नाही. क्रँकच्या दोन्ही टोकांना जे ऑइल सील असतात त्यांचे रबर इतक्या काळात दगडासारखे कडक झालेले असते, आणि टू-स्ट्रोकचे क्रँककेस हवाबंद राहणे हीच त्या इंजिनाच्या चालण्याची अट आहे.

सील गेल्याची लक्षणे दोन्ही बाजूंची वेगवेगळी असतात. क्लचच्या बाजूचे सील गेले की तिकडचे ऑइल क्रँककेसमध्ये ओढले जाते, धूर कमीच होत नाही आणि ऑइलची पातळी उतरत जाते. डायनामोच्या बाजूचे सील गेले की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणातले पेट्रोल कमी पडते, आयडलिंग स्थिर राहत नाही, इंजिनाचा वेग आपोआप वाढतो आणि शेवटी गरम होऊन पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो. या दुसऱ्या प्रकारात नवशिके लोक आठवडेच्या आठवडे कार्बोरेटर खोलत बसतात, आणि दोष मात्र दुसरीकडे असतो.

क्रँककेसचे दोन भाग सोडवताना मधल्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नये, कारण ओरखडलेल्या कडेतून पुढे कायम गळती होते. सर्व बोल्ट काढून केस सावकाश, सगळीकडून सारखे, साधारण १०० अंशांपर्यंत तापवावे. पाण्याचा थेंब टाकला की तडतडून उडावा, एवढे पुरे. या उष्णतेला बेअरिंगे हलक्या ठोक्याने सुटतात. नवी बेअरिंगे बसवतानाही केस तापवावे आणि बेअरिंग आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवावे. क्रँकसाठी सी३ क्लिअरन्सचे, म्हणजे आत थोडी जास्त मोकळीक असलेले, बेअरिंग घ्यावे. साधे घेतल्यास गरम झाल्यावर ते जड फिरते. सीलची स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे असावी.

कनेक्टिंग रॉडची तपासणी हातानेच होते. रॉड उभा धरून सरळ वर-खाली ओढावा. या दिशेने किंचितही ढील जाणवली तर बिग एंड, म्हणजे रॉडचे क्रँककडचे बेअरिंग, बदलावा; आडव्या दिशेने थोडे हलणे मात्र स्वाभाविक आहे. हा क्रँक प्रेसने जोडलेला असल्याने बिग एंड बदलण्याचे काम ज्याच्याकडे प्रेस आणि क्रँक सेंटरवर फिरवून डायलने पाहण्याची सोय आहे, अशाच ठिकाणी द्यावे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा कुपवाड, मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत चौकशी केल्यास असे लेथवाले मिळतात. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यामुळे प्रिया स्कूटरच्या काळात टू-स्ट्रोकवर हात बसलेले जुने फिटर आढळतात. त्यांच्यापैकी कोणी ओळखीचे असल्यास एक दुपार त्यांच्याजवळ बसून क्रँक कसा पाहतात ते शिकून घ्यावे.

सिलिंडर बोअर करण्याआधी पिस्टन विकत घ्यावा. हा क्रम उलटा झाला की बोअर एका मापाचा आणि बाजारात मिळणारा पिस्टन दुसऱ्या मापाचा, अशी गत होते. पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही कारागिराच्या हातात द्यावेत आणि त्याच पिस्टनच्या मापाने बोअर व होनिंग करून घ्यावे. त्यानंतर सिलिंडरमधल्या सर्व खिडक्यांच्या, म्हणजे पोर्टच्या, कडा मोडून घेतल्या आहेत का हे बोट फिरवून पाहावे. माझ्या पहिल्या येझदीच्या वेळी बोअर करणाऱ्याने या कडा तशाच धारदार ठेवल्या, मीही बोट न फिरवता सिलिंडर चढवला, आणि चाळीस किलोमीटरच्या आत रिंग एक्झॉस्टच्या खिडकीत अडकून तुटली. उघडल्यावर पिस्टनच्या कडेला रिंगेचा इंचभर तुकडा उभा रुतलेला होता आणि नव्या बोअरला वरपासून खालपर्यंत नखात अडकेल असा ओरखडा पडला होता. सगळा खर्च पुन्हा करावा लागला.

जोडताना रिंग पिस्टनवर चढवण्याआधी नुसती सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट मोजावी. ६५ मिमी बोअरला साधारण पाव मिलिमीटर फट योग्य. रिंगेची टोके पिस्टनवरच्या खुंटीवर नीट बसली पाहिजेत आणि पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे असला पाहिजे. गजन पिनची, म्हणजे पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनची, सर्क्लिप दरवेळी नवीन वापरावी, आणि ती बसवताना क्रँककेसचे तोंड स्वच्छ फडक्याने झाकावे, कारण हातातून उडालेली सर्क्लिप नेमकी तिथेच जाते.

तपासणी : इंजिन चॅसीत चढवण्याआधी दाब देऊन पाहावे. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून त्याच्या पोकळ भागात पितळी नळी डाखून घ्यावी आणि तिला रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचा फुगा व मीटर जोडावा. कार्बोरेटरचे आणि एक्झॉस्टची दोन्ही तोंडे रबराचा तुकडा व पट्टी लावून बंद करावीत, पिस्टन खाली आणावा, आणि मीटरवर २५० पर्यंत दाब द्यावा. काटा मिनिटाला ५० पेक्षा जास्त उतरत असेल तर साबणाचे पाणी सांध्यांवर आणि सीलवर लावून बुडबुडे शोधावेत. चांगल्या जोडणीत पाच मिनिटे काटा जवळपास जागेवर राहतो. पूर्ण लेखातली एकच तपासणी करायची झाली तर ही करावी.

६. टाकी आणि कार्बोरेटर

टाकीतला गंज काढण्यासाठी कॉक काढून त्या जागी बूच घट्ट बसवावे, टाकीत मूठभर छोटे नट किंवा सायकलची चेन टाकून पाण्याने हलवावे, आणि मग लिटरला ५० ते १०० ग्रॅम सायट्रिक अॅसिड, म्हणजे लिंबूसत्व, विरघळवून टाकी काठोकाठ भरून एक दिवस ठेवावी. काठोकाठ भरणे महत्त्वाचे, कारण अर्धवट भरल्यास पाण्याच्या रेषेवर गंजाची नवी पट्टी उमटते. ओतून झाल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, लगेच उन्हात पूर्ण वाळवावी आणि आतून टूटी, म्हणजे टू-स्ट्रोकचे, ऑइल फिरवून घ्यावे. नटांची संख्या आधी मोजून ठेवावी आणि तेवढेच बाहेर आले की नाही हे पाहावे.

इशारा : पेट्रोल ओतून टाकलेली टाकीही वेल्डिंगच्या ठिणगीने फुटते. डाखकाम करणाऱ्याकडे नेण्यापूर्वी ती गरम पाण्याने वारंवार धुवावी आणि वेल्डिंगच्या वेळी पाण्याने जवळजवळ भरलेली ठेवावी.

कार्बोरेटरचे जेट तारेने टोचू नयेत. पेट्रोलमध्ये भिजवून हवेने फुंकावेत. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते जुन्या रबराला फुगवते आणि हवेतले पाणी शोषते, म्हणून पेट्रोलची नळी, फ्लोटची सुई आणि कॉकचे वॉशर इथेनॉल सोसणारे घ्यावेत, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी व फ्लोटचा कप रिकामा करावा.

७. सायलेन्सर, ब्रेक, चाके, वायरिंग

दोन्ही सायलेन्सरमध्ये जुन्या ऑइलचा काळा थर बसलेला असतो आणि तो न काढता नव्या इंजिनाची ताकद येत नाही. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ते भिजवता येतात, पण हातमोजे आणि चश्मा घालूनच. अॅल्युमिनियमचा कोणताही भाग त्या पाण्यात जाऊ देऊ नये, तो विरघळू लागतो.

जुन्या ब्रेकलायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ड्रम उघडल्यावर तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने धूळ उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे. टायर वरून चांगले दिसले तरी बदलावेत. वायरिंग तुकडे जोडून चालवण्यापेक्षा पूर्ण नवीन करावे, फ्यूज घालावा, आणि अर्थिंगच्या जागा रंग खरवडून उघड्या लोखंडावर घट्ट कराव्यात. मंद हेडलाइट आणि अनियमित ठिणगी यांचे मूळ पुष्कळदा एवढ्यातच असते. पॉइंटची, म्हणजे उघडताच ठिणगी पाडणाऱ्या संपर्काची, फट ०.४ मिमी ठेवावी आणि ठिणगीचे टायमिंग आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलप्रमाणे डायल गेजने लावावे. पॉइंटमध्ये पातळ कागदाचा तुकडा धरला की पॉइंट उघडण्याच्या क्षणी तो सुटून येतो, तीच अचूक वेळ.

८. बिनरंगाची पूर्ण जोडणी

हा टप्पा जवळजवळ सगळेच वगळतात. रंगाला काही देण्याआधी गाडी गंजलेल्या पत्र्यासह एकदा संपूर्ण जोडावी : मडगार्ड, चेनकव्हर, स्टँड, सीट, सायलेन्सर, सर्व काही. बाजारातून आणलेल्या मडगार्डची भोके जुळत नाहीत, स्टँडचा कान वाकलेला असतो, सायलेन्सर फुटरेस्टला लागतो, हे सर्व आता कळते आणि आता तेथे गॅस, ड्रिल व कानस चालवता येते. रंगानंतर यातले प्रत्येक काम रंगावर ओरखडा घेऊनच होते.

याच अवस्थेत इंजिन सुरू करून गाडी अंगणात चालण्याच्या वेगाने फिरवावी. ट्रायल्स या खेळात दगडधोंड्यांवरून पाय न टेकता गाडी नेतात आणि पाय टेकला की दंडाचे गुण पडतात. तीच कसोटी सपाट अंगणात लावावी. पहिल्या गिअरमध्ये, पाय फुटरेस्टवर ठेवून, आठच्या आकड्यात फिरताना गाडी मधेच एका बाजूला ओढत असेल किंवा हँडल एखाद्या खाचेत अडकल्यासारखे वाटत असेल तर कोनसेटच्या, म्हणजे हँडलच्या दांड्याच्या बेअरिंगच्या, वाट्या झिजल्या आहेत. क्लच दाबूनही गाडी पुढे सरकत असेल तर प्लेटा चिकटलेल्या आहेत. वेगात हे दोष कळत नाहीत.

९. रंग

आता गाडी पुन्हा सुटी करावी आणि रंगाला द्यावी. देण्याआधी टाकीत पेट्रोल भरून ती दोन दिवस वर्तमानपत्रावर ठेवावी. टाकीला सुईएवढी भोके असतील तर कागदावर डाग उमटतो. मी हे न करता रंगवलेल्या टाकीच्या खालच्या सांध्याशी पंधरा दिवसांत रंगाला फोड आले होते. चॅसीचा नंबर असलेल्या जागी पुट्टी लावू नये असे रंगाऱ्याला लेखी द्यावे, तोंडी सांगितलेले विसरले जाते.

१०. पहिली किक आणि पहिले ५०० किलोमीटर

पेट्रोल आणि टूटी ऑइल वेगळ्या कॅनमध्ये मिसळूनच टाकीत ओतावे. सुरुवातीला लिटरला ५० मिली आणि ५०० किलोमीटरनंतर ४० मिली हे प्रमाण ठेवावे. जास्त ऑइल घातले की इंजिन अधिक सुरक्षित राहते हा समज चुकीचा आहे, कारण ऑइल वाढले की त्याच मापात पेट्रोल कमी जाते.

पहिले ५०० किलोमीटर सपाट रस्त्यावर, एका वेगात सलग न चालवता, आणि मागे कोणाला न बसवता करावेत. दर पंधरा-वीस किलोमीटरला थांबून इंजिन थंड होऊ द्यावे. प्लग काढून पाहावा : चहाच्या रंगाचा असेल तर मिश्रण ठीक, पांढरा पडला असेल तर गाडी लगेच थांबवून हवा कुठून शिरते ते शोधावे. पहिल्या १०० किलोमीटरनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, हेडचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळावेत, आणि ५०० ला गिअरबॉक्सचे ऑइल बदलावे.

सातारकरांना यवतेश्वरचा घाट पहिल्याच रविवारी खुणावतो. चढ तर टाळावाच, पण उताराकडे अधिक लक्ष द्यावे. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जाते. कासहून उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर पूर्ण बंद केला, तर इंजिन वेगाने फिरत राहते आणि पिस्टनला वंगण जवळजवळ मिळत नाही. अशा उतारावर दर थोड्या अंतराने क्लच दाबून अॅक्सिलरेटर एकदा उघडावा, वेग ब्रेकने आवरावा, आणि खाली पोहोचताच इंजिन बंद न करता मिनिटभर आयडलिंगवर ठेवावे.